बर्फाची जाडी

डुलूथच्या उत्तरेला, डार्लीनच्या गळ-आमिषांच्या दुकानात
जानेवारीत सगळे एकच विचारतात: बर्फ कसा आहे?
डार्लीन मोजून बोलते.
"सकाळी मी गेले होते. परत आले."
याहून जास्त ती कुणालाच सांगत नाही.

माझ्या कचेरीत टीव्हीवरचा माणूस
डिसेंबरअखेरचा निर्देशांक दशांशासकट सांगतो.
दरवर्षी टाय बदलतो, आकडा वर सरकतो,
आणि खरं सांगायचं तर बहुतेक वर्षी तो बरोबर निघतो.
हीच तर अडचण आहे.

रेइनो लाम्पिनेन, वय एकाहत्तर, लोहखाणीतून निवृत्त,
माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. पक्का तेजीवाला.
एकोणतीस वर्षांत घाबरून एक समभाग विकलेला नाही.
आणि दर तिमाहीला, त्याच निळ्या पेनानं,
तो मंदीचा पुट घेतो:
आजच्याहून दहा टक्के खालच्या भावाला विकायचा हक्क,
मग बाजार कितीही तळाला जावो.
तीन महिन्यांनी हक्काचा कागद होतो, कागदाचं शून्य.
तो पुढचा घेतो.

"वर जाईल यावर विश्वास आहे ना तुझा?
मग हे कशाला?" मी एकदा विचारलं.
त्यानं कॉलर बाजूला केली.
गळ्यात दोरी, दोरीला दोन लाकडी मुठी,
प्रत्येक मुठीत एक खिळा.
बर्फ फुटला तर खिळे काठावर रोवायचे, स्वतःला ओढून काढायचं.
पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणणाऱ्यांनी
हे पाणी पाहिलेलं नाही.
"बर्फावर जातो म्हणून घालतो," तो म्हणाला,
"घरी बसणाऱ्याला काय करायचेत?"

आइली, त्याची बायको, वही ठेवते.
रकान्याचं नाव: वाया.
तीनशे दहा. दोनशे पंच्याऐंशी.
चारशे बारा, त्या वर्षी भीती महाग होती.
गेल्या उन्हाळ्यात तिनं अकरा वर्षांची बेरीज केली
आणि वही त्याच्या ताटाशेजारी ठेवली.
इतक्यात नवी बोट आली असती. मोटरीसकट.
रेइनो मासा खात राहिला.
सप्टेंबरात तो माझ्याकडे आलाच नाही.

गोष्टी सांगणारे इथे बाजार पाडतात.
बाजार पडला नाही.
वर, किंचित खाली, पुन्हा वर,
टीव्हीवाल्याचा आकडा तीन आठवडे आधीच गाठला.
वाचले रोख तीनशे नव्वद डॉलर.

फक्त, आइली सांगते, रात्री दोनला स्वयंपाकघरात दिवा.
जपानचा बाजार बघत बसलेला.
नोव्हेंबरात एकदा सगळंच विकायला निघाला,
एकोणतीस वर्षांचं,
फोन हातात, माझा नंबर अर्धा दाबलेला.
तिनं फोन काढून घेतला. कॉफी टाकली.

डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी ती एकटीच आली,
बुटांना बर्फ, चेकबुक स्वतःच्या नावाचं.
"त्याचं नेहमीचं द्या," दुकानात तंबाखू मागावी तसं.
मी भाव सांगितला. तिनं घासाघीस सुरू केली,
शिकागोत बसलेल्या कुणाशी तरी, माझ्या तोंडाकडे बघत.
शेवटी सही केली.
नोंद त्याच रकान्यात, "वाया"च्या खाली.
शब्द बदलणारी बाई नव्हे ती.

आज तो ट्रक घेऊन तलावावर गेलाय,
उणे एकोणीस, तरी खिडक्या उघड्या, पट्टा सोडलेला.
बर्फ कडाडला की नवखे काठाकडे पळतात.
रेइनो म्हणतो, तो जाड होण्याचा आवाज.
मार्चमधला सडका बर्फ तोंडातून ब्र काढत नाही.

माझ्या पडद्यावर बाजार हिरवा आहे, आणि गप्प.
उगाच डार्लीनला फोन लावला.
रेइनो परतला का?
"अंधार पडायला वेळ आहे अजून," ती म्हणाली,
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.